नावावर गुंठाही नाही, पण शेती सुरू करायची आहे : जमीन आणि भांडवल कुठून उभं करावं?

नवी पेरणी

नमस्कार मंडळी. इथलं बरेच महिने वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच.

मी सोलापूर जिल्ह्यातला, मोहोळ तालुका. वय २८. आईवडील दोघंही आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबले. आमच्या नावावर जमीन नाही, कधीच नव्हती. मी कृषी पदविका केली आणि साडेचार वर्षं तळेगावकडे एका पॉलीहाऊसवर सुपरवायझर म्हणून काढली. ठिबक, विद्राव्य खतांचं वेळापत्रक, फवारणी, फुलांची प्रतवारी, मजुरांचं नियोजन, हे सगळं हातात बसलंय. आता गावी परतायचंय. साठवलेले ३ लाख ४० हजार आहेत.

गावात एक काका आहेत. त्यांची मुलं पुण्यात असतात. त्यांचं साडेचार एकर रान पडून आहे. विहीर आहे, पाणी फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरतं. मला वाट्याने द्यायला ते तयार आहेत, पण "कागद मागायचा नाही" अशी त्यांची अट आहे. बँकेत गेलो तर खुर्चीत बसायच्या आत विचारलं, सातबारा कुणाच्या नावावर? मग म्हटलं, थोडी विकतच घेऊ, तर गावातले म्हणतात तुझा बाप शेतकरी नाही, तुला शेतजमीन घेता येत नाही.

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. विना कागद वाट्याने करू की नको? मला जमीन खरंच विकत घेता येत नाही का? आणि सातबारा नसलेल्याला कर्ज कुणी देतं का?

कोरडवाहू

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण त्यातून गेलोय.

मी यवतमाळकडचा. नऊ वर्षं ठोक्याने, म्हणजे मालकाला ठरलेली रक्कम देऊन, शेती केली, सगळी तोंडी. तिसऱ्या वर्षी एका मालकाचं पाच एकर घेतलं. हलकं, चुनखडीचं रान होतं. दोन उन्हाळे त्यातले दगड वेचले, तलावातला गाळ आणून पसरला, बांध नीट केले. चौथ्या वर्षी कापूस असा आला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. पाचव्या वर्षी मालकाने ते रान दुसऱ्याला जास्त पैशात दिलं. भांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही, जमीन त्याचीच होती. पण त्या गाळाच्या ट्रॉल्यांचे पैसे मी कृषी केंद्रवाल्याच्या उधारीतून दिले होते. ती उधारी फेडायला मला पुढची दोन वर्षं लागली.

अतिवृष्टी झाली तेव्हा पंचनामा झाला. पीक माझं होतं, मदत सातबारावाल्याच्या खात्यात गेली. आमच्या मालकाने त्यातली अर्धी मला आणून दिली, तो भला माणूस. सगळीकडे तसं होत नाही.

म्हणून सांगतो, कागद नसेल तर एका हंगामापुरतंच पीक घ्या. जमिनीत पैसा पुरू नका. ठिबक टाकलं तर उचलून नेता येईल असंच टाका.

बांधावरून

मी दुसऱ्या बाजूचा आहे. पुण्यात नोकरी, गावी सहा एकर. तुमच्या त्या काकांसारखाच.

आम्ही कागद का देत नाही हे कुणीतरी सांगायला हवं. माझ्या आजोबांची अकरा एकर कूळकायद्यात, म्हणजे कसणाऱ्या कुळाला मालक करणाऱ्या कायद्यात, गेली. ज्यांना गेली ते खरोखर कसणारे होते, आज त्यांची नातवंडं शिकलीत आणि मला त्याचा आनंद आहे. पण घरात एक वाक्य राहून गेलं, "जमीन लिहून द्यायची नाही." वडील गेले तरी ते वाक्य गेलं नाही. त्यामुळे माझं रान तीन वर्षं पडीक आहे. बाभळी वाढल्यात. बघवत नाही.

आणि एक गोष्ट मला स्वतःलाच टोचते. आमच्या शेजारच्या गटात सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन गेली. एकरी ५० हजार, म्हणजे हेक्टरी सव्वा लाख वर्षाला, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. तिथे मालकांनी वर्षानुवर्षांच्या भाडेपट्ट्यावर न कचरता सह्या केल्या. गावातल्या पोराला एका वर्षाचा कागद द्यायला मात्र आमचा हात थरथरतो. कायद्यात मालकाला भीती न वाटता लिहून देता येईल अशी काही वाट आहे का? असेल तर मला स्वतःलाही हवी आहे.

जुना तलाठी

तुमच्या दोघांचे प्रश्न एकत्रच सोडवावे लागतील. जरा सविस्तर लिहितो.

आधी खरेदीचं. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणाला महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ लागतो. मराठवाड्याला १९५० चा हैदराबादचा कायदा आणि विदर्भाला १९५८ चा आहे. तिथल्या वाचकांनी कलमांचे आकडे आपापल्या कायद्यात बघावेत. १९४८ च्या कायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. गावात एवढंच माहीत असतं. पण त्याच कलमात शेतकऱ्याबरोबर शेतमजुराचंही नाव आहे. शेतमजूर म्हणजे शेतात अंगमेहनत करणं हीच ज्याची मुख्य उपजीविका आहे तो. नवी पेरणी, तुमच्या आईवडिलांना जमीन घेता येते. तहसीलदारांकडून शेतमजूर असल्याचा दाखला घ्या आणि मगच दस्ताचं बोला. तुम्ही स्वतः साडेचार वर्षं पगारी सुपरवायझर होता, तेव्हा तुमच्या नावाने अडचण येईल. आईच्या किंवा वडिलांच्या नावाने करा.

आता वाट्याचं. काकांची भीती खोटी नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळं मालक झाली, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर लागलेल्या कुळालाही कलम ३२ओ प्रमाणे एका वर्षाच्या आत खरेदीचा हक्क मागता येतो, हे कमी लोकांना ठाऊक असतं. शिवाय कायद्यातली "जातीने कसणे" याची व्याख्या बघा. मालक रोख पगारी माणसाकडून कसून घेत असेल तर ते जातीने कसणं धरलं जातं, पण पिकाच्या वाट्यावर कसून घेतलं तर धरलं जात नाही. म्हणजे गावात सर्वांत भरवशाचा मानला जातो तो निम्म्या वाट्याचा व्यवहारच मालकाला सर्वांत जोखमीचा आहे. मी नोकरीत असताना मालकाऐवजी दुसरा कसतोय असं दिसलं की नमुना १४ भरून वर पाठवायचो आणि पुढे तहसीलदारांची चौकशी लागायची. त्या एका फॉर्मच्या धाकाने किती जमिनी पडीक राहिल्या असतील!

पण याच कायद्यात कलम ४३अ आहे. ऊस, फळं, फुलं किंवा जनावरांची पैदास यांसाठी दिलेल्या भाडेपट्ट्याला ३२ ते ३२र ही कलमं लागत नाहीत. म्हणजे अशा भाडेपट्ट्यावरून खरेदीचा हक्क उभा राहत नाही. नवी पेरणी, तुम्ही साडेचार वर्षं फुलांत काम केलंय. काकांना ज्वारी-तुरीसाठी रान मागू नका. फुलांसाठी मागा, दस्तात पिकाचा उद्देश स्पष्ट लिहा, आणि दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मग रानात खरोखर फुलंच लावा. दस्तात फुलं आणि पीक पाहणीच्या सरकारी नोंदीत सोयाबीन असं झालं तर तो कागद दोघांनाही वाचवणार नाही. दस्त करण्याआधी महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाकडून मसुदा तपासून घ्या. फौजदारी किंवा घटस्फोटाची कामं करणाऱ्याकडून नको.

बांधावरून

तलाठी भाऊसाहेब, चाळीस वर्षं घरात कूळकायदा ऐकतोय, हे कलम कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या रानात डाळिंबाची जुनी बाग होती. आता विचार करतो.

नवी पेरणी

मी काल रात्री तलाठी भाऊसाहेबांचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे मजुरी केल्याचा बी कागद मिळतो?" तिला पुन्हा वाचून दाखवावं लागलं.

शेवंता

दादा, कर्जाचं मी सांगते. आम्ही पाच बायका आहोत, धाराशिव जिल्ह्यात. तिघी भूमिहीन, दोघींच्या नवऱ्यांच्या नावावर जमीन पण आमच्या नावावर काही नाही. उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटात होतो. त्यातून संयुक्त देयता गट केला. चार ते दहा जणांचा गट लागतो, तारण लागत नाही, सगळे एकमेकांचे जामीन. नाबार्डने हे वाटेकरी, भूमिहीन, तोंडी कराराने कसणारे यांच्यासाठीच काढलेलं आहे.

पहिल्या वर्षी बँकेने दिलं नाही. खाती उघडा, बचत दाखवा म्हणाले. आम्ही स्वतःच्या बचतीवर तीन एकरात भाजीपाला केला, दर आठवड्याच्या बाजाराची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, वहीला चिकटवली. दुसऱ्या वर्षी ती वही साहेबांसमोर ठेवली. प्रत्येकी ४० हजार मिळाले.

एक मात्र नीट लक्षात घ्या. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याला अपघात झाला आणि तिचे तीन हप्ते आम्ही चौघींनी भरले. कुरकुर झाली, एक जण बोलायची बंद झाली. गट करताना चुलत्याच्या पोरांना घेऊन संख्या भरू नका. ज्याचा हप्ता तुम्ही मनापासून भराल अशीच माणसं घ्या.

शाखा ते शिवार

मी चौदा वर्षं एका बँकेत कृषी अधिकारी होतो. टेबलापलीकडची बाजू सांगतो.

किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे आणि त्याच्या नियमांत वाटेकरी, भाडेपट्ट्याने कसणारे, तोंडी कराराने कसणारे आणि संयुक्त देयता गट पात्र आहेत. म्हणजे "सातबारा नाही तर पीककर्ज नाही" हा नियम नाही, ती सवय आहे. ती का लागली तेही ऐका. कर्ज थकलं तर शाखाधिकाऱ्याला विचारतात, बोजा कुठे चढवला होता? सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, असला की त्याला उत्तर देता येतं. वाटेकऱ्याच्या बाबतीत उत्तर देता येत नाही. म्हणून तो आधीच नाही म्हणतो.

त्याला हो म्हणता येईल असं काहीतरी तुम्ही हातात द्यायला हवं. नोंदणीकृत भाडेपट्टा असेल तर निम्मं काम झालं. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाला २ लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर ३ टक्के सूट. उरलेल्या व्याजातही आपल्या राज्यात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून वेगळी सवलत मिळते. पण वेळेत फेडणं म्हणजे खरोखर फेडणं. मुदत उलटल्यावर नवं-जुनं करून घेतलं, म्हणजे नव्या कर्जातून जुनं फेडल्याचं दाखवलं, तर खातं चालू राहतं, सूट मात्र गेली.

किती मिळेल ते पीककर्ज दरावर ठरतं. जिल्हा समिती दर पिकाला हेक्टरी दर ठरवते. तुमच्या जिल्ह्यातला झेंडू, शेवंती, गुलाबाचा दर आधी विचारून घ्या, म्हणजे दोन एकराला किती बसतं ते घरीच कळेल. शेडनेटसारखं काही उभारायचं असेल तर ते मध्यम मुदतीचं कर्ज. तिथे बँक एकच बघते, भाडेपट्टा कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब आहे का. पाच वर्षांचं कर्ज आणि तीन वर्षांचा करार असेल तर कुणीही देणार नाही, आणि देऊही नये.

आणि एक गोष्ट, जी मी पगारावर असताना प्रत्येकाला सांगायचो आणि फार थोडे ऐकायचे. तुमचे ३ लाख ४० हजार म्हणजे भांडवल नाही. त्यातून आधी घरखर्चाचे आठ-दहा महिने बाजूला काढा, दवाखान्याचे वेगळे काढा, उरेल ते भांडवल. पहिल्याच वर्षी सगळं रानात ओतलेले हुशार लोक दुसऱ्या वर्षी सावकाराच्या दारात बघितलेत.

नवी पेरणी

घरखर्च बाजूला काढून १ लाख ९० हजार उरतात. म्हणजे साडेचार एकर झेपणार नाही. दोन एकर मागतो.

साहेब, आईचे दागिने तारण ठेवून घ्यावं असं मामा म्हणतोय. सोनेतारण शेतीकर्ज लगेच मिळतं म्हणे.

शाखा ते शिवार

मिळतं, आणि कागदपत्रं कमी लागतात. खेळतं भांडवल एखाद्या महिन्यापुरतं अडलं तर ठीक. पण सुरुवातच त्याने करू नका. पहिल्या हंगामात भाव पडला तर रानही हातात नाही आणि आईच्या गळ्यातलंही नाही, अशी पाळी येते. आडत्याची, म्हणजे बाजारातल्या दलालाची, आगाऊ उचलही तशीच समजा. पैसा पटकन येतो, पण मग माल त्याच्याच गाळ्यावर टाकावा लागतो आणि भाव कमी लागला तरी बोलता येत नाही.

कोरडवाहू

उचलीबद्दल साहेबांनी लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे.

निळं आभाळ

इथे एक योजना कुणीच सांगितली नाही म्हणून लिहितेय. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या, दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत. २००४ ला सुरू झाली तेव्हा निम्मं अनुदान आणि निम्मं कर्ज होतं, २०१८ पासून पूर्ण अनुदान आहे. विधवा आणि परित्यक्ता बायकांना प्राधान्य. अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात.

माझ्या आईला दोन एकर बागायत मिळाली. वडील गेल्यावर सहा वर्षं वाट पाहिली. अडचण यादीची नव्हती, जमिनीची होती. शासन एकरी जिरायतीला ५ लाख आणि बागायतीला ८ लाखांपर्यंतच देतं. रस्त्याकडेची जमीन त्या भावात कोण विकणार? शेवटी आम्हीच गावोगाव फिरून विकायला तयार असलेला माणूस शोधला आणि अधिकाऱ्यांना नेऊन दाखवला. वाट बघत बसला असाल तर हे करा. विकणारा तुम्ही शोधा. जमीन मिळाल्यावर ती विकता येत नाही आणि दुसऱ्याला कसायलाही देता येत नाही, आणि ते बरंच आहे.

ज्या दिवशी सातबारा हातात आला त्या दिवशी आई तो उशाशी घेऊन झोपली. तिला वाचता येत नाही.

नवी पेरणी

ताई, आमचा समाज त्यात बसत नाही. पण हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. आमच्याच वस्तीतली दोन घरं बसतात, त्यांना आजच सांगतो.

जुना तलाठी

निळं आभाळ यांच्या लिहिण्याला जोडून थोडं. जमीन मिळवायच्या आणखी काही वाटा आहेत.

उजनीसारख्या धरणांची गाळपेर जमीन. पाणी उतरलं की उघडी पडते आणि जलसंपदा विभाग ती हंगामापुरती देतो. धरणग्रस्तांना आणि भूमिहीनांना प्राधान्य असतं. खत जवळजवळ लागत नाही, पण पाणी कधी चढेल ते तुमच्या हातात नाही.

दुसरी देवस्थान ट्रस्टची जमीन. अशा जमिनींना कूळकायद्यातल्या खरेदीच्या कलमांतून कलम ८८ब प्रमाणे सूट असते, म्हणून विश्वस्त लिलावाने खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, देतात आणि कागद करायला घाबरत नाहीत. शेती महामंडळाच्या जमिनीही निविदेने दिल्या जातात, पण ते मोठे गट असतात, एकट्या नवख्याचं काम नव्हे.

आणि आता खरेदीचा सल्ला. पोट भरेल एवढी जमीन पहिल्याच फटक्यात घ्यायला जाऊ नका. ऑगस्ट २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी लागणारं किमान क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालंय, म्हणजे एवढ्या छोट्या तुकड्याचीही कायदेशीर खरेदी होते. आईच्या नावाने वीस गुंठे झाले तरी तिचा सातबारा होतो, आठ-अ हा खात्याचा उतारा होतो, शेतकरी ओळख क्रमांक निघतो. एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना तो क्रमांक सक्तीचा आहे, आणि तो जमीनधारकालाच मिळतो. ठिबकचं अनुदान अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत आहे, पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायलाही हाच क्रमांक लागतो. पीएम किसानची आशा मात्र ठेवू नका. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर ते सहा हजार मिळत नाहीत, वारसाने आली तरच मिळतात.

घेताना काय बघायचं? वर्ग १ आहे की वर्ग २. वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर परवानगीशिवाय विसारही देऊ नका. इतर हक्कात कुणाचा बोजा, कुणा बहिणीचं नाव. तीस वर्षांचे फेरफार. सामाईक गटातला न मोजलेला हिस्सा घेऊ नका, आधी पोटहिस्सा आणि मोजणी. आणि रानात जायला वाट आहे का, ते पावसाळ्यात जाऊन बघा. वाटेसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण शेजाऱ्याशी पहिल्याच वर्षी केस हे काही शेतीची सुरुवात करायचं लक्षण नव्हे.

मृगाचा किडा

पीक विम्याचं कुणी बोललं नाही. भाडेपट्ट्याने करणाऱ्याला पीक विमा भरता येतो, पण नोंदणीकृत करार पोर्टलवर टाकावा लागतो. एक रुपयात विमा होता ते दिवस गेले. खरीप २०२५ पासून खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५ टक्के हप्ता आहे. मात्र अधिसूचित पिकांनाच विमा मिळतो. फुलांना धरून चालू नका, मग त्यासाठी स्वतःची राखीव रक्कम ठेवा.

सीमेवरचा

मी नांदेडचा. वाचून वाईट वाटतं एवढ्यासाठी, की आंध्रने २०१९ मध्ये कसणाऱ्याच्या हक्काचा वेगळा कायदा केला. मालकाची सही, अकरा महिन्यांची मुदत, मालकी हक्काला धक्का नाही, आणि कसणाऱ्याला कार्ड. त्यावर कर्ज, विमा, नुकसानभरपाई मागता येते. नीती आयोगाच्या समितीने २०१६ मध्येच राज्यांसाठी आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा दिला होता. आपल्या राज्यात वाटेकऱ्याला असं कार्ड मिळालं तर "बांधावरून" यांच्यासारख्यांची पडीक रानं आणि या पोरासारखे हात एकत्र येतील. आमदाराला पत्र लिहिलंय. तुम्हीही लिहा.

बांधावरून

लिहितो. मालक म्हणून लिहितो, त्याचं वजन जास्त पडेल.

नवी पेरणी

मंडळी, सात आठवड्यांनी परत येतोय. धागा वर आणल्याबद्दल क्षमा, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

काकांकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा कलम ४३अ वाचून दाखवलं तर ते उठूनच गेले. कायदा काढला की माणसं बिचकतात, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. दुसऱ्यांदा मी काही न बोलता त्यांचा विहिरीवरचा पाइप दुरुस्त करून दिला. तिसऱ्यांदा त्यांच्या पुण्यातल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "मसुदा पाठव, माझा वकील बघेल." वकिलाने दोन ठिकाणी बदल केले. विहीर आणि वीजजोडणी मालकाचीच राहील, आणि मुदत संपल्यावर ठिबक मी काढून न्यायचं.

करार आईच्या नावाने, पाच वर्षांचा, दोन एकर, फुलशेतीसाठी. खंड एकरी १८ हजार, वर्षातून दोन हप्ते, दर दोन वर्षांनी थोडी वाढ. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. दुष्काळ जाहीर झाला तर त्या हंगामाचा हप्ता पुढच्या हंगामात द्यायचा, ही अट काकांनी स्वतःहून घातली.

शेतमजूर दाखल्याला मात्र चार खेपा झाल्या. पहिल्या दिवशी खिडकीवर सांगितलं, असा दाखलाच नसतो. मी कलम छापून नेलं होतं. पोलीस पाटलांचा आणि ज्यांच्या रानात आईने काम केलं त्या दोन शेतकऱ्यांचा जबाब लागला. त्यातले एक आजोबा ऐंशीचे आहेत, ते एसटीने तालुक्याला आले. म्हणाले, "हिने माझ्याकडं बावीस वर्षं खुरपलंय, मी नाही सांगणार तर कोण?"

कर्जाचं अजून व्हायचंय. पहिली लागवड स्वतःच्याच पैशाने केली, एक एकर झेंडू, अर्ध्या एकरात शेवंती, अर्धा एकर हिरवळीच्या खताला. पंढरपूरच्या बाजारात हाराच्या फुलांना वारीच्या आधी मागणी असते, म्हणून लावणीच्या तारखा त्यावर धरल्यात. शेवंताताईंसारखी वही केलीय, पट्ट्या चिकटवायला. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे भाडेपट्टा, पीक पाहणी आणि ती वही घेऊन दोन हंगामांनी किसान कार्डाचा अर्ज टाकणार.

शाखा ते शिवार

दोन हंगाम थांबू नका. पहिली तोडणी झाली की जा. आणि अर्ज तोंडी टाकू नका, लेखी द्या, पोच घ्या. नाकारलं तर कारण लेखी मागा. लेखी कारण द्यावं लागलं की निम्मे नकार परत विचारात घेतले जातात, हे मी आतून बघितलंय.

शेवंता

दादा, दस्तावर सही आईने केली का?

नवी पेरणी

हो ताई. आईला सही येत नव्हती. दस्ताच्या आधी आठ दिवस रोज रात्री पाटीवर गिरवत होती. निबंधकाच्या ऑफिसात कर्मचाऱ्याने सवयीने शाईचा डबा पुढे केला. तिने तो बाजूला सरकवला आणि पेन मागितलं.